भाड्याची लेखणी आणि स्वतःची गोष्ट



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला की तो महागाईभत्ता, बोनस आणि संप यांच्यावरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी एका सिनेमालेखकाविषयी बोलणार आहे. विषय निराळा असला तरी माझा प्रश्न जुनाच आहे. पोटासाठी दुसऱ्याचे काम करणारा माणूस आपल्या कामाचा धनी केव्हा होतो, हा तो प्रश्न.

जॉन सेल्स यांचा जन्म १९५० साली न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या कारखान्यांच्या गावी झाला. कॉलेज संपल्यावर त्यांनी वृद्धांच्या शुश्रूषागृहात सेवकाची नोकरी केली, मांसाच्या कारखान्यातही काम केले आणि त्या काळात ते कथा लिहीत राहिले. १९७७ साली त्यांची ‘युनियन ड्यूज’ ही कादंबरी आली. युनियन ड्यूज म्हणजे संघटनेची वर्गणी. वर्गणी गोळा करीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला या नावानेच लेखक आपला वाटला तर नवल नाही.

पुढे त्यांना काम मिळाले ते रॉजर कॉर्मन यांच्या कंपनीत. कॉर्मन म्हणजे स्वस्तात आणि झपाट्याने चित्रपट काढणारा गृहस्थ. ‘जॉज’ या शार्कच्या चित्रपटाने १९७५ साली अमाप पैसा मिळवला. तेव्हा कॉर्मन यांनी माणसे खाणाऱ्या लहान माशांचा चित्रपट काढायचे ठरवले. त्याचे नाव ‘पिरान्हा’, साल १९७८. आधीची पटकथा सेल्सनी नव्याने लिहायची होती. मालकाची मागणी सरळ होती: ठराविक अंतराने मासे आले पाहिजेत, माणसे ओरडली पाहिजेत, पाणी लाल झाले पाहिजे.

सेल्सनी मागितलेला माल पुरा मोजून दिला. पण हे मासे आले कोठून, हे कोणी ठरवून दिले नव्हते. सेल्सनी लिहिले की व्हिएतनामच्या नद्यांत सोडण्यासाठी अमेरिकन लष्करानेच ते पैदा केले होते. युद्ध संपले, आणि परक्यांसाठी पाळलेले मासे आपल्याच मुलांना खाऊ लागले.

१९८० साली दुसऱ्या एका निर्मात्यासाठी त्यांनी ‘ॲलिगेटर’ लिहिला. मगरीचे एक पिल्लू संडासातून गटारात जाते. औषध कंपनीने प्रयोग करून फेकलेली कुत्री खाऊन ते अवाढव्य होते. ही मगर प्रथम गटारात, मग गरिबांच्या वस्तीत आणि शेवटी कंपनीच्या मालकाच्या बंगल्यावर, ऐन लग्नाच्या मेजवानीत पोचते. म्हणजे ती समाजाची एकेक पायरी खात वर चढते. मगर किती माणसे खाणार हा मालकाचा हिशेब असेल. कोणत्या क्रमाने खाणार, हे लेखकाच्या हातात राहिले.

आपल्याकडे पोटार्थी लेखनाला नाक मुरडण्याची चाल आहे. मला ती पटत नाही. उत्तम कातारी मालकाच्या मापाचा दांडा कातताना हात आखडता घेत नाही. काम भाड्याचे असते, हात त्याचाच असतो.

या मजुरीतून शिल्लक टाकून सेल्सनी स्वतःचा पहिला चित्रपट केला, ‘रिटर्न ऑफ द सिकॉकस सेव्हन’. खर्च सुमारे साठ हजार डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने किरकोळच. तरुणपणी युद्धविरोधी चळवळीत असलेले मित्र तिशीच्या उंबरठ्यावर सुटीसाठी एकत्र जमतात, एवढीच गोष्ट. कॅमेरा फिरवायला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी पात्रे पुष्कळ घेतली. एका माणसावरून दुसऱ्या माणसावर जाताच चित्राला गती येते. पैशाची उणीव अशी लेखणीने भरून काढली.

पण येथे माझ्यासारख्याला अडखळावे लागते. या चित्रपटासाठी त्यांनी नटसंघटनेचे सभासद नसलेले नट निवडले, कारण संघटनेचे दर परवडणारे नव्हते. ‘आमचा धंदा लहान आहे, आमची माणसे घरचीच आहेत,’ हे वाक्य मी अनेक लहान कारखानदारांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यापुढचे पगारपत्रकही पाहिले आहे. सेल्स यांच्याविषयी आदर बाळगूनही ही गोष्ट मी झाकणार नाही. मजूर मालक झाला की मालकाचे प्रश्न त्याच्याही दाराशी येऊन उभे राहतात.

आता ‘मेटवन’कडे वळतो. वेस्ट व्हर्जिनियातील हे कोळशाच्या खाणींचे गाव. तेथील मजुराला पगार म्हणून कंपनीची टोकने मिळत, आणि ती कंपनीच्याच दुकानात चालत. राहते घरही कंपनीचे. १९ मे १९२० रोजी कंपनीचे भाडोत्री हस्तक संघटनेत गेलेल्या मजुरांच्या बायकामुलांना घराबाहेर काढायला आले. त्या दिवशी झालेल्या गोळीबारात दहा माणसे मेली: सात हस्तक, गावचा नगराध्यक्ष आणि दोन खाणकामगार.

ही पटकथा सेल्स यांच्याजवळ वर्षानुवर्षे पडून होती. एकदा जुळत आलेला पैसाही ऐन वेळी हातचा गेला. अखेर १९८७ साली सुमारे चाळीस लाख डॉलर खर्चून चित्रपट पडद्यावर आला. त्यात काळे मजूर आणि इटालियन मजूर संप फोडण्यासाठी आणले जातात आणि तेच पुढे संघटनेत येतात. तीन भाषांची, तीन चालीरीतींची माणसे एका तंबूवस्तीत आणणे किती कठीण असते, हे मी जाणतो. सेल्सनी ते भाषणातून दाखवले नाही. रात्री एक जण फिडल वाजवतो, दुसरा मँडोलिन, तिसरा माउथऑर्गन, आणि सूर हळूहळू जुळतात.

त्यातला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. संघटक जो केनेहन याच्यावर कंपनीचा फितूर खोटा आळ आणतो आणि मजूर त्याला मारायचे ठरवतात. खरी गोष्ट कळते ती डॅनी नावाच्या पोराला. तो लहान वयातच चर्चमध्ये प्रवचन करीत असतो. पण कंपनीचे हस्तक समोर बसलेले, उघड बोलावे तर जिवावर बेतेल. तेव्हा डॅनी बायबलमधल्या योसेफावर आलेल्या खोट्या आळाची कथा सांगू लागतो. शत्रू कंटाळून ऐकतात. ज्यांना कळायचे त्यांना कळते आणि माणूस वाचतो. आपल्या कीर्तनकारांनी पुराणातले आख्यान लावून परक्या सरकारचे वाभाडे काढले, त्याच जातीची ही युक्ती. मला तर वाटते की सेल्सनी येथे स्वतःचीच रीत सांगितली. माशांच्या आणि मगरीच्या गोष्टीत त्यांनी हेच केले होते.

विशेष म्हणजे, संघटनेला सैतानाचे काम म्हणणाऱ्या धर्मोपदेशकाची भूमिका त्यांनी स्वतः केली. विरुद्ध बाजूचे भाषण दुसऱ्यावर न सोपवता स्वतःच्या तोंडी घेणे, हा प्रामाणिकपणा आम्हा पुढाऱ्यांनी शिकण्यासारखा आहे.

चित्रपटाने पैसा मिळवला नाही. सेल्स पुन्हा भाड्याच्या लेखनाकडे गेले आणि त्या मिळकतीवर स्वतःचे चित्रपट करीत राहिले. ‘पॅशन फिश’ आणि ‘लोन स्टार’ या दोन पटकथांना ऑस्करचे नामांकन मिळाले. २०२३ साली ‘मेटवन’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतन करण्यासाठी निवडला गेला. त्याच वर्षी अमेरिकेतले पटकथालेखक १४८ दिवस संपावर होते. यंत्राकडून लिखाण करून घेऊन लेखकाची मजुरी आणि नाव कापू नये, हीही त्यांची एक मागणी होती, आणि करारात तिची बरीच हमी त्यांनी मिळवली.

माझ्या प्रश्नाचे उत्तर या दोन गोष्टींत मिळून आहे. सेल्सनी शिल्लक टाकून स्वतःची गोष्ट सांगण्याचा हक्क विकत घेतला. हे एकट्याचे शौर्य आहे, आणि ते प्रत्येकाला जमणारे नाही. ज्याची शिल्लक कधी पडतच नाही, त्याच्या हातात करार आणि संघटना एवढेच राहते. स्वतःच्या कसबाविषयी अभिमान आणि शेजारच्याच्या मजुरीविषयी काळजी, या दोन्ही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत, तो भाड्याने राबत असला तरी त्याला मी गुलाम म्हणणार नाही.