अकरावीचे गणित आणि आपली मुले
(गोरेगाव येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना गुरुजींनी त्यांना उदाहरण सोडवायला फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागचे जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुले धावली आणि त्यांनी डबे बाजूला फेकले. हा प्रसंग आपण दर जयंतीला ऐकतो. ते १९०७ साली मॅट्रिक झाले. आज फळा मोकळा आहे. तरी दहावी होताच आपली बरीच मुले गणित सोडून देतात.

का सोडले, असे विचारले की "अवघड जातं सर" एवढेच उत्तर मिळते. आम्ही थोडे खोलात गेलो. दहावीपर्यंत वर्गसमीकरण, समरूप त्रिकोण असे मराठीत शिकलेल्या मुलाच्या हाती अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तक येते. फलनाचे 'फंक्शन' होते, सीमेचे 'लिमिट' होते. मुलगा अडतो भाषेत आणि घरी सांगतो, मला गणित येत नाही. आम्हीही आमच्या काळी घरी हेच सांगितले होते!

आता एसटीने सेनगावला जाताना पाहा. अंतराला वेळेने भागले की सरासरी वेग निघतो. पण ड्रायव्हरसमोरचा काटा त्या क्षणाचा वेग दाखवतो. वेळ एक मिनिट, एक सेकंद, त्याहून कमी असा घेत गेलो की सरासरी वेग त्या काट्याच्या आकड्याकडे सरकतो. तो आकडा म्हणजे सीमा, आणि ती काढणे म्हणजे अवकलन. हे एवढे मराठीत समजले की मग 'डेरिव्हेटिव्ह' हा शब्द पाठ करायला कितीसा वेळ लागतो?

दुसरे असे की अकरावी ही विश्रांतीची नाही. तिथली त्रिकोणमिती आणि सीमा कच्ची राहिली तर बारावीचे अवकलन हाती लागत नाही. इंजिनिअरिंगच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुणांचे. म्हणजे २०० पैकी १०० गुण गणिताचे, आणि तो पेपर इंग्रजीतच. ज्यांना डॉक्टर व्हायचे आहे त्यांनाही जीवशास्त्राबरोबर गणित घेता येते. नंबर हुकला तर दुसरा रस्ता उरतो. पालकांनी फॉर्म भरतानाच हे पाहावे. नंतर पळापळ होते.

येत्या रविवारपासून सकाळी आठला आम्ही इथेच बसणार आहोत. सुरुवात त्रिकोणमितीने. दोनशे पानी वही आणावी, डाव्या पानावर मराठी, उजव्यावर इंग्रजी. फळ्यावर मात्र प्रत्येकाला यावे लागेल, मुलींना आधी.