नगावर, तासावर आणि महिन्यावर
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, म्हणजे आपल्या चळवळीतलं ‘खाउजा’. हा शब्द वापरून इतका गुळगुळीत झालाय की वस्तीतल्या बाईला त्यात स्वतःचं काही दिसत नाही. म्हणून आज मी मजुरी कशी मोजली जाते, एवढ्यावरच बोलणार आहे.

महिन्याचा पगार म्हणजे नुसती रक्कम नव्हे. त्यात आठवड्याची सुट्टी, आजारपणाची नि बाळंतपणाची रजा, फंड, ग्रॅच्युइटी हे सगळं येतं. युनियननं भांडून मिळवलेलं. मजुरी नगावर आली की यातलं एकेक गळतं. गोवंडी-धारावीत बायका घरी बसून कपड्यांचे धागे कापतात, मणी-टिकल्या लावतात. जागा तिची, वीज तिची, सुई तिची, हाताखाली शाळेतून आलेली पोर. माल कुठल्या देशातल्या दुकानात जातो ते तिला ठाऊक नसतं. ती ओळखते फक्त पिशवी आणून देणाऱ्याला. दर वाढवून मागितला, तर तो पिशवी शेजारच्या गल्लीत देतो.

हे १९९१ नंतरच सुरू झालं असं मात्र समजू नका. १९२०-३० च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. बायका मुख्यतः वाइंडिंग नि रीळिंग खात्यांत. पुढे यंत्रं बदलली, पाळ्या वाढल्या. बायकांना रात्रपाळीची कायद्यानं मनाई. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, आणि तो खर्च मालकांना नकोच होता. बायका कमी होत गेल्या. युनियननं पुरुषाचा पगार हाच घराचा पगार धरला, बाईचा जाऊ दिला. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले, त्यात बायका अगदी थोड्या उरल्या होत्या. पण संप लांबला, गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले, त्या काळात चुली कुणी पेटत्या ठेवल्या? खानावळी चालवून, धुणीभांडी करून, नगावर काम आणून बायकांनीच ना!

आता मध्यमवर्गाकडे येते. बँकेतल्या, विम्यातल्या बाईला चांगला पगार मिळाला तो युनियनमुळे. पुढे तिलाच युनियन म्हणजे कटकट वाटू लागली. आज तिची एम.ए., नेट झालेली मुलगी कॉलेजात ‘तासिका तत्त्वावर’ शिकवते. तास झाला तर पैसे; मे महिन्यात नाही, बाळंतपणात नाही. नग काय आणि तासिका काय! (आणि हीच आई कामवालीच्या खाड्याचे पैसे कापते, हेही बोलायला हवं.)

घरी बसून काम करणाऱ्या बायकांची संघटना होत नाही म्हणतात. सोलापूरला जाऊन पाहा. तिथल्या बायका घरीच विड्या वळतात. पण १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरखातेवालीलाही कामगार मानलं. हजार विड्यांचा दर ठरतो, फंड कापला जातो. त्यांनी लढून दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळवली. विडी काही आरोग्याचा धंदा नव्हे, आणि ठरलेला दरही भांडल्याशिवाय हातात पडत नाही. पण घरात बसून वळली तरी ती कामगारच, हे तिथं कायद्यानं मान्य आहे. धागे कापणारीला ते कधी?

काम सोपं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. आता कुठल्याही आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. कायम कामगारच असे हलले, तर नगावरचीचं काय!

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंत एक करा. आपापल्या वस्तीत घड्याळ लावून एक डझन नगांना किती वेळ लागतो ते पाहा. त्यावरून आठ तासांची मजुरी काढा, वीज-दोऱ्याचा खर्च वजा करा आणि सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनाशेजारी मांडा. तो कागद घेऊन या. येताना तासिकेवर शिकवणाऱ्या मुलींनाही बरोबर आणा. त्यांचाही हिशोब त्याच कागदावर मांडायचा आहे.