हिशेबात न बसलेली भाकरी



सरकारी अंदाजपत्रके तपासण्यात माझी हयात गेली. परंतु संसाराचे पहिलेच अंदाजपत्रक सपशेल कोसळले. १९९६ च्या सप्टेंबरात आम्ही नवविवाहित उभयता भाड्याचा तंबू घेऊन दिल्लीहून गढवालात गेलो. उखीमठजवळील सारी गावातून चढून देवरिया तालाकाठी मुक्काम करावयाचा होता. वहीत बसभाडे, रॉकेल, पोहे सारे मांडले होते. हमालाची मजुरी तेवढी राहिली. त्यातच ‘आकस्मिक खर्चा’ची रक्कम शिल्लक समजून सौभाग्यवतींनी ऋषिकेशला शाल घेतली!

पहाटे तळ्यात चौखंबा शिखराचे प्रतिबिंब पाहिले आणि हिशेब विसरलो. खाली उतरलो, तो दरड कोसळून रस्ता बंद. सारीतील एका वृद्ध चहावाल्याने दोन दिवस आम्हांस मंडव्याची, म्हणजे आपल्या नाचणीचीच, भाकरी वाढली आणि निघताना परतीच्या भाड्यासाठी दोनशे रुपये हातावर ठेवले. पत्तादेखील विचारला नाही.

दिल्लीस येताच भाड्याचे आणि जेवणाचे पैसे मी मनिऑर्डरने पाठविले. जेवणाचे पैसे तेवढे परत आले. सोबत दोन ओळी होत्या : पाहुण्याच्या भाकरीचा हिशेब नसतो.

आमच्या वहीत ती रक्कम आजही ‘देणे’ या सदरात आहे. परमुलखातून दिल्लीत नव्याने उतरलेल्या कोणासाठी आपण पान मांडतो, तेव्हा त्यातले थोडे फिटते, एवढेच.