मुंबई वाचली, पण मग दगड कुठे गेला?

आजचा विषय लघुग्रह.

फेब्रुवारी २०२५ आठवतोय? मुंबईवर लघुग्रह पडणार म्हणून रील्स फिरत होत्या. गोष्ट खरी होती, पण अर्धीच सांगितली जात होती.

२७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला '२०२४ वायआर४' दिसला. आकार साधारण ६० मीटर, म्हणजे वीस मजली बिल्डिंगएवढा. तो २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर गेली. कुठे पडू शकतो, त्याचा एक लांबलचक पट्टा निघाला: पूर्व पॅसिफिक, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र, दक्षिण आशिया. मुंबई त्या पट्ट्यात होती. पुढच्या आठवड्याभरात नवीन निरीक्षणं आली आणि पृथ्वीला असलेला धोका जवळपास शून्यावर आला.

पण समजा, आला नसता तर?

धक्का देता येतो, हे आता सिद्ध झालंय. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने 'डार्ट' यान डायमॉर्फॉस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आपटवलं. शेजारच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. आणि धक्का मोठाच लागतो असं नाही. साधा गुणाकार करा: वेगात सेकंदाला फक्त १ सेंटीमीटर फरक पडला, तरी वीस वर्षांत ६,००० किलोमीटरहून जास्त फरक साचतो. जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येएवढा! म्हणून लवकर शोधणं हेच सगळ्यात स्वस्त शस्त्र.

आता खरी अडचण. धक्का कमी पडला तर दगड पृथ्वीला चुकवत नाही, त्याची पडायची जागा फक्त त्या पट्ट्यावर सरकते. समजा नेम मुंबईवर होता. यान आपटलं, जागा सरकली आणि थेट नायजेरियातल्या लागोसवर आली. आपण फटाके फोडायचे? आणि लागोसच्या माणसाला कोणी विचारलं होतं?

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने दोन गट आहेत. एक इशारा देतो, दुसरा मोहिमेबद्दल सल्ला देतो. "हाणा" असा हुकूम द्यायचा अधिकार मात्र दोघांनाही नाही. म्हणजे ज्याच्याकडे रॉकेट, त्याचंच चालणार.

माझं म्हणणं एवढंच: निर्णय कोण घेणार, खर्च कोणाचा, नेम चुकला तर भरपाई कोण देणार, हे कुठलाच दगड येत नसताना ठरवा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही सर्व्हर पडल्यावर नियम लिहायला बसत नाही, कारण तेव्हा जो तो आपलंच वाचवायला बघतो. इथेही तेच होणार. भारताकडे इस्रो आहे, स्वतःची रॉकेट्स आहेत. हा विषय आपण पुढे होऊन मांडू शकतो.

तुम्ही त्या खुर्चीत असता, तर लागोसला विचारल्याशिवाय बटण दाबलं असतं? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!