अभ्यासक्रमातील पर्यावरण आणि महाविद्यालयाचे आवार

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. विषय वर्गात आला. तो आवारात उतरला काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर ठाणे-कल्याण परिसरात हाताशी आहे. ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय चेंदणी बंदराजवळ खाडीकाठीच वसले आहे. याच ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीची तहान भागविते. अंबरनाथ-उल्हासनगरमार्गे येणारी वालधुनी मात्र कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी वाहून आणते.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे पाणी तपासावे. वाणिज्य शाखेने महाविद्यालयाच्या वीजबिलांचा हिशेब मांडावा. मराठीच्या विद्यार्थ्यांनी खाडीकाठच्या कोळी बांधवांकडून पूर्वी मिळणाऱ्या मासळीची नावे टिपून घ्यावीत. उपाहारगृहातील ओल्या कचऱ्याचे खत आवारातच करावे. सुट्टीत खताचा खड्डा कोण सांभाळणार, हेही आधीच ठरवावे. पुष्कळ उपक्रम उद्घाटनानंतर देखभालीअभावी बंद पडतात.

पाण्याच्या नोंदी दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच महिन्यात घ्याव्यात व त्या पालिका आणि ग्रामपंचायतींना द्याव्यात. मग दहा वर्षांनी नदी सुधारली की बिघडली, हे विद्यार्थ्यांच्या वहीवरून सांगता येईल.