आरोग्यसेवेच्या संकेतस्थळातील मोकळीक आणि बंधन

आरोग्यसेवा देणाऱ्या कंपनीचे प्रचाराचे संकेतस्थळ एकाच वेळी लवचीक आणि भरवशाचे असू शकत नाही, असे गृहीत धरूनच अनेक आराखडे आखले जातात. वस्तुतः कोणता मजकूर कोणी बदलायचा हे आधी ठरलेले नसल्यामुळे हा विरोध उद्भवतो, असे या परिषदेपुढे मांडावयाचे आहे.

एखाद्या रुग्णालयसमूहात अस्थिरोगतज्ज्ञाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि ओपीडीच्या वेळा डॉक्टरांच्या यादीत, शाखेच्या पानावर, गुडघेरोपणाच्या माहितीत आणि मराठी आवृत्तीत वेगवेगळ्या टाइप केलेल्या असल्या, तर तो डॉक्टर नोकरी सोडून गेल्यावर तीन ठिकाणची नोंद निघते, चौथी तशीच राहते, आणि तिच्यावर विसंबून रुग्ण साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडून पुण्याला येतो. म्हणून आशय-व्यवस्थापन प्रणालीत, म्हणजे प्रोग्रामरची मदत न घेता मजकूर भरता-बदलता येणाऱ्या व्यवस्थेत, डॉक्टर, शाखा आणि उपचार यांची प्रत्येकी एकच नोंद असावी आणि सर्व पानांनी ती तेथूनच उचलावी. मांडणी, छायाचित्रे, तपासणी शिबिराची जाहिरात यांबाबत मार्केटिंग विभागास पूर्ण मोकळीक असावी. उपचाराच्या परिणामाविषयीचे विधान मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून प्रसिद्धच होता कामा नये. मंजुरीची ही पायरी वेळखाऊ असल्याची तक्रार नेहमी होते, आणि ती खरीही आहे. परंतु औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आणि मधुमेह यांचा समावेश असून, ते औषधाने बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते, तर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातील जाहिरातबंदी इंटरनेटलाही लागू आहे.

सर्व्हरच्या करारात ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी ऐटीत लिहिलेली असते. तिचा अर्थ ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटे संकेतस्थळ बंद राहिले तरी करार पाळला गेला, असा होतो. ती मिनिटे मध्यरात्री गेली की सोमवारी सकाळी, याविषयी आकडा मुका असतो. पाने मागणीनुसार दर वेळी न घडवता आधीच तयार करून ठेवली, तर डेटाबेस बंद पडला तरी पत्ता आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक दिसत राहतो.

खरी जोखीम मात्र चालू असलेल्या संकेतस्थळातच दडलेली असते. ट्रॅकिंग पिक्सेल म्हणजे पानात बसवलेला असा छोटा कोड, की जो वाचकाने कोणते पान उघडले हे जाहिरात कंपनीस परस्पर कळवतो. कापडाच्या दुकानाच्या संकेतस्थळावर तो फारसा बोचत नाही, पण वंध्यत्वावरील उपचाराचे पान उघडल्याची वार्ता ही आरोग्याविषयीचीच माहिती असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गुडआरएक्स या औषध-सवलत कंपनीवर ग्राहकांची अशी माहिती फेसबुक, गूगल इत्यादींना पुरवल्याचा आरोप ठेवला, आणि कंपनीने चूक मान्य न करता १५ लाख डॉलरचा दंड भरण्याचे कबूल केले. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीवर भर दिला आहे. तथापि पानाच्या तळाशी संमतीची पट्टी चिकटवण्यापेक्षा उपचारांच्या पानांवर आणि भेटीची वेळ ठरवण्याच्या अर्जावर पिक्सेल बसवताच येणार नाही, अशी प्रणालीचीच रचना करणे अधिक शहाणपणाचे आहे, जरी त्यामुळे जाहिरातीवरील खर्चाचा हिशेब काहीसा अंदाजपंचे करावा लागला तरी.