ब्रँड अनेक, कच्चा माल मोजक्यांचा

गोरेगावात सन फार्मा, अंधेरीत ग्लेनमार्क, कांदिवलीत इप्का. मोठ्या औषध कंपन्यांची मुख्यालयं मुंबईच्या उपनगरांत आहेत. पण गोळ्यांच्या पाकिटावरचा बारीक मजकूर वाचा. विकणारी कंपनी मुंबईची, तर बनवणारी कित्येकदा हिमाचलातल्या बद्दीची किंवा सिक्कीमची असते. गोळीतलं मूळ औषधी द्रव्य बऱ्याचदा चीनमधून येतं. दुकानात दहा ब्रँड स्पर्धा करत असले, तरी त्यांचा कच्चा माल दोन-तीन कारखान्यांतूनच येत असेल, तर ती स्पर्धा दरापुरती उरते. तुटवड्यात रुग्णाच्या कामी येत नाही.

बाहेरून काम करून घेतल्यानेच औषधं स्वस्त झाली, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे आणि ही स्वस्ताई टिकायलाच हवी. पण पिंपरीत १९५५ पासून पेनिसिलिन बनवणाऱ्या आपल्या देशात, स्वस्त आयातीपुढे पेनिसिलिनच्या मूळ द्रव्याचं उत्पादन पुढे बंद पडलं. असं परावलंबन कमी करण्यासाठीच केंद्राने २०२० मध्ये ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. सगळंच देशात बनवण्याचा हट्ट नको. मात्र अत्यावश्यक औषधांच्या सरकारी खरेदीत दराइतकंच महत्त्व कच्च्या मालाच्या दुसऱ्या, खात्रीच्या स्रोतालाही मिळायला हवं.